एका प्रवेशाला तीन माणसं

माणसानं पन्नाशीत शिकायला बसू नये असं माझं म्हणणं नाही. बसावं. पण बसण्याआधी आपला ईमेल आपला स्वतःचा आहे ना, एवढं मात्र बघून घ्यावं. मी बघितलं नाही, आणि त्यामुळे जवळजवळ महिनाभर मी एकोणऐंशी वर्षांची होते.

मी ज्या विद्यापीठातून घरबसल्या बीए करते (विषय इतिहास, वर्ष तिसरं आणि शेवटचं) तिथं आजवर प्रत्येक गोष्टीला वेगळा दरवाजा होता. व्याख्यानं बघायला एक पासवर्ड, ग्रंथालयाला दुसरा, परीक्षेच्या अर्जाला तिसरा, निकालाला चौथा. प्रत्येकाचे नखरेही वेगळे. एकाला मोठं अक्षर हवं, एकाला आकडा. ग्रंथालयाला तर दर तीन महिन्यांनी नवा पासवर्ड लागे आणि तो जुन्याच्या वळणावर गेलेला खपत नसे. हे सगळे मी साखरेच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवले होते. त्यामुळे माझा निकाल बघायचा तर आधी चहाचं बघितल्यासारखं करावं लागे.

अशात विद्यापीठानं ‘एकल प्रवेश योजना’ जाहीर केली. एकदा आत शिरा, सगळीकडे फिरा. मला इतका आनंद झाला की मी ती सूचना मोठ्यानं वाचून दाखवली. आमचे हे वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "चला, साखर सुटली."

जुन्या पासवर्डानं शेवटचं आत गेले, तर पडद्यावर प्रश्न: यापुढे आपली ओळख कशी पटवणार? पासवर्डानं, मोबाइलवर येणाऱ्या आकड्यानं, की चेहऱ्यानं? एक किंवा अधिक पर्याय निवडा.

इथे आमच्या ह्यांच्याबद्दल सांगायला हवं. हे पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत आहेत. पंचवीस वर्षं बाटल्यांवर चिठ्ठ्या लावून आणि तक्ते भरून ह्यांची अशी गत झाली आहे, की छापील कागदावरची रिकामी चौकट ह्यांना बघवत नाही. दुसऱ्याच्या कागदावरचीसुद्धा. डॉक्टरकडच्या फॉर्मवर ‘इतर आजार’ या चौकटीत ह्यांनी एकदा ‘सध्या नाहीत, कळवू’ असं लिहिलं होतं.

"तिन्हींवर खूण कर," हे म्हणाले.

"एक पुरते, अहो."

"पुरते म्हणून काय झालं? चौकटी दिल्यात त्या काय शोभेला? तीन कड्या लागल्या तर दार जास्त घट्ट बसतं."

मी तिन्हींवर खूण केली. बटण दाबलं. पडदा क्षणभर गोल गोल फिरला आणि समोर आलं: ‘स्वागत आहे!’ त्याखाली माझ्या सासूबाईंचं संपूर्ण नाव. वय एकोणऐंशी. शेजारी सासूबाईंचा फोटो, कपाळाला आठ्या घातलेला. आणि त्याखाली: आपले अभ्यासक्रम – ‘निरोगी गुडघे (ज्येष्ठांसाठी)’, ‘गच्चीवरची बाग (प्रमाणपत्र)’, ‘बीए इतिहास, तृतीय वर्ष’.

उलगडा व्हायला अर्धा तास लागला. ह्यांचा एक जुना सिद्धान्त आहे: घराला दार एक, तसा घराचा पत्ता एक. म्हणजे पत्र हरवत नाही. त्यामुळे आमच्या घरात कोणीही कुठेही नाव नोंदवलं, तरी ईमेल ह्यांचा आणि मोबाइल नंबरही ह्यांचाच. चार वर्षांपूर्वी सासूबाईंनी याच विद्यापीठाचा गुडघ्यांचा अभ्यासक्रम घेतला होता, आणि ‘गुडघे दुखतात, बसवत नाही’ या कारणानं दुसऱ्या आठवड्यात सोडला होता. मग ह्यांनी बागेचा घेतला. त्यातलं सगळं झालं, फक्त प्रकल्प राहिला, कारण ज्या रोपावर प्रकल्प होता ते रोप राहिलं नाही. मग मी. नव्या यंत्रणेनं बघितलं, ईमेल एक, मोबाइल एक, म्हणजे माणूसही एकच. आणि नाव, वय, फोटो घेतला तो सर्वांत जुन्या नोंदणीवरून.

सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा लावून पडदा नीट वाचला.

"म्हणजे मी बीएच्या तिसऱ्या वर्षाला आहे?"

"तुम्ही नाही, मी आहे. चुकून तुमचं नाव आलंय."

"पण नाव तर माझं आहे."

"हो, पण–"

"आणि फोटो माझा."

"अहो आई, अभ्यास माझा आहे!"

"तो कर ना तू," सासूबाई म्हणाल्या. "मी कुठं नाही म्हणते?"

संध्याकाळपर्यंत इमारतीत बातमी झाली. वरच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. वजनमापं तपासायच्या खात्यातून निवृत्त झाले, पण तपासणं सुटलेलं नाही. सगळे त्यांना नियमकाका म्हणतात. ते खाली आले, ते थेट सासूबाईंचं अभिनंदन करायला. माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, लेखी द्या. तीन प्रतींत. तोंडी तक्रार म्हणजे वजनाशिवाय तराजू." समोरच्या दारातल्या नर्सताई म्हणाल्या, "आमच्या वॉर्डात एका नावाचे दोन पेशंट आले की आम्ही मनगटाला पट्टी बांधतो. तुम्ही विद्यापीठात जाताना काहीतरी बांधून जा." दोन्ही सल्ले मी ऐकून घेतले. आपल्या दुःखात लोकांचा वेळ बरा जात असेल तर मोडता का घाला?

पण माझी खरी अडचण वेगळीच होती. शेवटच्या वर्षाचा माझा प्रकल्प येत्या शुक्रवारी, संध्याकाळी पाचच्या आत, याच दारातून आत टाकायचा होता. नाही टाकला तर वर्ष गेलं. आणि पुढच्या वर्षीपासून अभ्यासक्रम बदलणार, म्हणजे तिसरं वर्ष पुन्हा पहिल्यापासून. प्रकल्पाचा विषय होता ‘आपल्या शहरातील सार्वजनिक घड्याळे’. अकरा घड्याळं. त्यांतली चार चालतात, दोन बरोबर चालतात. आठ महिने मी जिने चढत होते, किल्ल्या असणाऱ्या माणसांना शोधत होते. टपाल कचेरीचं घड्याळ कोणाच्या सोयीसाठी वीस वर्षं सात मिनिटं मागे ठेवलं होतं, हे शहरात मला एकटीला माहीत आहे. ते सगळं एकोणऐंशी वर्षांच्या गुडघ्यांच्या खात्यात अडकलं होतं.

मंगळवारी मी विद्यापीठाच्या संगणक विभागात गेले. खिडकीमागे जाड चष्म्याच्या एक बाई होत्या. माझ्याच वयाच्या.

"तीन माणसांचं एक खातं झालंय," मी म्हटलं.

त्यांनी पडद्यावर पाहिलं. "तीन खात्यांचा एक माणूस झालाय. बरोबर आहे."

"बरोबर कसं? आम्ही तिघं आहोत."

"प्रणालीत एकच आहात."

"अहो, पण मी तुमच्यासमोर उभी आहे. वय बघा माझं. मी एकोणऐंशीची दिसते का?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, आणि – हे मला अजून लागतं – लगेच उत्तर दिलं नाही.

"मला काय दिसतं त्याला अर्थ नाही हो," शेवटी त्या म्हणाल्या. "प्रणालीला दिसायला हवं. तुम्हाला वेगळं व्हायचंय का?"

इतकी वर्षं एकत्र राहून मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी हो म्हटलं.

त्या म्हणाल्या, पर्याय आहेत. एक, सगळं पुसून नवी नोंदणी करायची. त्यात माझ्या दोन वर्षांच्या गुणांवरही पाणी. दुसरा, विभक्तीचा अर्ज. तिघांनी आपापल्या खात्यातून वेगवेगळा करायचा.

"पण आपापली खातीच नाहीत ना. म्हणून तर वेगळं व्हायचंय."

"हो."

"मग करायचं कसं?"

"ते अर्जात विचारलेलं नाही," बाई म्हणाल्या. पण माणूस वाईट नव्हता. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि माझा कागदावरचा अर्ज तीन प्रतींत ठेवून घेतला. नियमकाकांना हे मी आजतागायत सांगितलेलं नाही, त्यांना चढेल. "एकवीस दिवस लागतील. कामाचे."

"शुक्रवारी पाचला प्रकल्प द्यायचाय."

"मग तोवर तिसरा पर्याय. आहे तसं चालवा. तिघं मिळून आत शिरा."

ते गणित असं होतं: पासवर्ड माझ्या डोक्यात, आकडा येणार ह्यांच्या मोबाइलवर आणि चेहरा सासूबाईंचा. एकल प्रवेशाला सगळं घर लागणार होतं.

बुधवारी दुपारी चाचणी घेतली. ह्यांनी त्यासाठी अर्धी रजा काढली. सासूबाईंना झोपेतून उठवून कॅमेऱ्यासमोर बसवलं, त्यामुळे त्यांच्या कपाळाला फोटोतल्यासारख्या आठ्या आपोआप होत्या. मी पासवर्ड टाकला, ह्यांनी शेजारी बसून आकडा सांगितला, चेहरा जुळला, दार उघडलं. एक मिनिटाच्या आत. आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. तेव्हाच प्रकल्प देऊन मोकळी झाले असते, पण अकराव्या घड्याळाचं पान राहिलं होतं. अग्निशमन केंद्राच्या घड्याळाला चावी देणारे गृहस्थ गावाला गेले होते, ते गुरुवारी येणार होते. इतिहास अर्धवट देऊ नये, असं आमच्या पहिल्याच धड्यात आहे.

गुरुवारी अकरावं घड्याळ मिळालं. गुरुवारी संध्याकाळीच सासूबाईंची कवळी हातातून पडली आणि मधोमध चिरली. गल्लीच्या टोकाला दातांचे डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे दिली. मला तेव्हा काही सुचलं नाही. मी घड्याळांत होते.

शुक्रवारी साडेतीनला हे प्रयोगशाळेच्या फाटकाबाहेर येऊन उभे राहिले, कारण आत फोन चालत नाही. मी पासवर्ड टाकला. ह्यांना फोन लावला.

"आला का आकडा?"

"थांब, चष्मा लावतो. हां. ‘आदरणीय वापरकर्ता, आपल्या खात्यात प्रवेशासाठी–’"

"आकडा सांगा नुसता!"

"येतोय ना आकड्यावरच. ‘–प्रवेशासाठी विनंती प्राप्त झाली आहे. ही विनंती आपण केली नसल्यास–’ आपणच केलीय ना?"

आकडा चाळीस सेकंद टिकतो. हे चाळिसाव्या सेकंदाला ‘कृपया’पर्यंत आले होते. दुसऱ्या खेपेला शेवटून वाचायला सांगितलं, तेव्हा जमलं. मग चेहरा. सासूबाई उत्साहानं कॅमेऱ्यासमोर बसल्या. ‘चेहरा जुळत नाही.’ लॅपटॉप खिडकीकडे वळवला. जुळत नाही. मी त्यांच्याकडे नीट बघितलं आणि उलगडा झाला. कवळीशिवाय सासूबाईंचे गाल आत जातात आणि हनुवटी वर येते. मी रोज बघते म्हणून मला तो फरक दिसत नाही. यंत्रानं त्यांना एकदाच तर बघितलं होतं. तिसऱ्यांदा जुळलं नाही, आणि पाटी आली: ‘सुरक्षिततेसाठी अर्धा तास प्रवेश बंद.’

पावणेचार वाजले होते.

मी लॅपटॉप छातीशी धरला, सासूबाईंना दंडाला धरलं आणि निघाले. जिन्यात नियमकाका भेटले, ते चौकशी न करताच मागे आले. नर्सताई कामाला निघाल्या होत्या, त्या म्हणाल्या, "कोणाला काही झालं का?" "पाचला वर्ष जाणार आहे," सासूबाई म्हणाल्या. त्याही आल्या. सासूबाईंच्या गुडघ्यांना सहा आठवड्यांच्या अभ्यासक्रमानं जे जमलं नसतं, ते त्या दिवशी जमलं. शेवटी शेवटी मीच मागे पडले.

डॉक्टरांकडे पाच माणसं गाल धरून बसली होती. डॉक्टर म्हणाले, कवळी जोडलीय, पण साडेचारपर्यंत वाळू द्यायला हवी.

"नक्की साडेचार?" मी विचारलं.

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. "ते सहा मिनिटं पुढे आहे," मी म्हटलं. आठ महिन्यांची सवय, जाते कुठे!

खऱ्या साडेचारला डॉक्टरांनी स्वतः कवळी बसवली. नियमकाकांनी खिडकीचा पडदा धरला, उजेड नेमका यावा म्हणून. ह्यांनी या वेळेला फोनवर नुसता आकडा सांगितला. पाठ केल्यासारखा, चष्म्याविना. पडद्यावर चौकट आली. सासूबाई बसल्या. ‘चेहरा जुळत नाही.’

"आता काय?" गाल धरलेल्या एका गृहस्थांनी विचारलं.

नर्सताई वाकून बघत म्हणाल्या, "आजी हसताहेत. फोटोत आठ्या आहेत."

खरंच, सासूबाई हसत होत्या. इतक्या माणसांत, नवी जोडलेली कवळी घालून, तृतीय वर्षाच्या विद्यार्थिनी म्हणून त्या बसल्या होत्या. हसणार नाहीत तर काय?

"आई, आठ्या घाला."

त्यांनी प्रयत्न केला. आठ्या पडेनात. "येत नाहीत गं," त्या म्हणाल्या आणि आणखी हसल्या. दुसरी खेपही गेली. आता एकच उरली होती आणि पाचला अठरा मिनिटं होती. पुन्हा अर्धा तास दार बंद झालं, की संपलं.

आणि मग मी ते बोलले. ठरवून नाही, आतून आलं. "आई, एक सांगते. हे खातं वेगळं झालं ना, की पदवीवर नाव माझंच येणार. तुमचं नाही. तुम्ही बीए होणार नाही."

सासूबाईंचं हसू गेलं. कपाळावर एक आठी आली, मग दुसरी, आणि फोटोत होता तस्साच चेहरा झाला. ‘ओळख पटली.’

पुढचं पान उघडायला यंत्रानं पुष्कळ वेळ घेतला. पाचला तीन मिनिटं असताना ‘प्रकल्प सादर करा’ हे बटण दिसलं, ते मी दाबलं. ‘सादर झाला. धन्यवाद.’ गाल धरलेल्या पाचही माणसांनी एका हातानं जमेल तशा टाळ्या वाजवल्या. सासूबाई मात्र घरी येईपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. जाताना जितक्या झपाझप गेल्या होत्या, तितक्याच सावकाश आल्या.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण पुढच्या मंगळवारी ह्यांच्या ईमेलवर, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या, निरोप आला: ‘गच्चीवरची बाग: प्रकल्प तपासला. आपण विषय वेगळ्या अंगाने हाताळला आहे. अकरा घड्याळांची निगा तपशीलवार आली आहे, मात्र कुंडी, माती व खत यांचा उल्लेख आढळला नाही. चिकाटी पाहून उत्तीर्ण करत आहोत.’

"पास झालो!" हे म्हणाले. मग माझा चेहरा बघून हळूच म्हणाले, "म्हणजे, तू झालीस."

घाईत मी जे बटण दाबलं, ते तीनपैकी बागेच्या अभ्यासक्रमाखालचं होतं. इतिहास विभागात मात्र माझ्या नावापुढे, म्हणजे सासूबाईंच्या, ‘प्रकल्प प्राप्त नाही’ असं होतं.

मी पुन्हा त्या खिडकीशी गेले. जिथे रडायचं तिथे माझा आवाज चढतो, हा माझा दोष आहे. त्या दिवशी तो कामी आला.

चष्मेवाल्या बाईंनी पडदा बघितला. "प्रकल्प बागेच्या विद्यार्थ्यानं दिलाय. इतिहासाच्या विद्यार्थिनीनं दिलेला नाही."

"बागेचा विद्यार्थी कोण?"

"तुमचे मिस्टर."

"आणि इतिहासाची विद्यार्थिनी?"

"तुम्ही." असं म्हणून त्या थांबल्या. मीही थांबले. मागे रांग होती, तीही थांबली.

"मागच्या मंगळवारी तुम्हीच म्हणालात ना," मी म्हटलं, "आम्ही तिघं एकच आहोत? मी इथे उभी असताना म्हणालात. मग त्या एकानं शुक्रवारी पाचच्या आत प्रकल्प दिलाय. आणि जर आम्ही तीन असू, तर आम्हाला एक करण्याची चूक तुमची आहे, आणि मग मला मुदत वाढवून द्या. एक तरी धरा, नाहीतर तीन तरी. दोन्ही तुम्हीच कसं धरणार?"

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग खुर्चीतून उठल्या आणि मागच्या खोलीत गेल्या. बारा मिनिटांनी आल्या. हातात शिक्का मारलेला कागद: ‘सदर प्रकल्प विहित मुदतीत प्राप्त. इतिहास विभागाकडे वर्ग.’

"साहेब विचारत होते, कोण आहेत या बाई," त्या म्हणाल्या.

"मग काय सांगितलंत?"

"म्हटलं, ते ठरायला अजून पंधरा दिवस आहेत."

सोळाव्या दिवशी खाती वेगळी झाली. माझं नाव, माझं वय, माझा फोटो, अभ्यासक्रम एकच. चार दिवसांनी प्रकल्पाचे गुणही आले. चांगले आले, टपाल कचेरीच्या सात मिनिटांपुढे तपासणाऱ्यांनी ‘वा!’ असं लिहिलं होतं. मी पडदा सगळ्यांना दाखवला. सासूबाईंनीही बघितला. छान म्हणाल्या. मग आपल्या खोलीत गेल्या.

मला ते ‘छान’ बरं वाटलं नाही. मी मागोमाग गेले. त्या पलंगावर बसून खिडकीतून बघत होत्या.

"त्या दिवशी डॉक्टरांकडे मी फार बोलले," मी म्हटलं.

"खोटं काय बोललीस?" त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "त्याला वयाची काही अट असते का गं?"

"कशाला?"

"बीएला."

मी लॅपटॉप घेऊन आले. त्यांच्या शेजारी पलंगावरच बसले आणि त्यांच्या नावानं प्रवेशाचा अर्ज उघडला, पहिल्या वर्षाचा. नाव लिहिलं, वय लिहिलं. ईमेल त्यांचा स्वतःचा नवा काढला. पासवर्ड त्यांनी मला दिसू दिला नाही, हात आडवा धरला. सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात चौकट आली: ‘आजवरचे शिक्षण’.

"काय लिहू?" मी विचारलं. "शाळा कितवीपर्यंत झाली तुमची?"

सासूबाईंनी चष्मा वर सरकवला आणि पडद्याकडे बघत, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "लिही. बीए, तृतीय वर्ष. अर्धवट सोडलं."

"आई!"

"का? विद्यापीठाकडेच नोंद आहे. घरच्या अडचणीमुळे सुटलं म्हणावं."